दहा किलो वांगी, एक सिगारेट

खानदेशात थंडीच्या दिवसांत भरीत पार्ट्या झडतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. या ताटात चिमूटभराच्याही कितीतरी खालच्या मापात निकोटीन असतं, हे जेवणाऱ्याला कुणी सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही. वांगं, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू ही एकाच कुळातली भावंडं. 1993 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका पत्रात या भाज्यांमधलं निकोटीन मोजलेलं होतं. वांग्याचा आकडा होता दर ग्रॅमला 100 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक कोटीवा भाग.

एक सिगारेट ओढली की ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण 1 मिलिग्रॅम निकोटीन उतरतं. तेवढं वांग्यातून मिळवायचं तर 10 किलो वांगी खावी लागतील. तीही पुरणार नाहीत, कारण पोटातून शोषलेलं निकोटीन आधी यकृताकडे जातं आणि तिथंच अर्ध्याहून अधिक नासतं. भरीत खाऊन कुणाला निकोटीनची तलफ लागल्याचं ऐकिवात नाही. लागते ती भरताचीच.

सिगारेटमध्ये मुळात 10 ते 12 मिलिग्रॅम निकोटीन असतं. बहुतेक जळून जातं, बाजूच्या धुरात उडतं, थोटकात उरतं. शरीरात पोचतं ते एवढंच, एक मिलिग्रॅम. आता हा मिलिग्रॅम फोडून पाहू. निकोटीनच्या एका रेणूत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 14 आणि नायट्रोजनचे 2 अणू. असे रेणू 1 मिलिग्रॅममध्ये किती? 37 वर सतरा शून्यं. आपल्या भाषेत सांगायचं तर 37 लाख लाख कोटी. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. एका सिगारेटमधलं निकोटीन त्यांना सारखं वाटून दिलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला 4 कोटींहून जास्त रेणू येतील. खरी वाटणी अशी समान होत नाही, आणि सगळा माल मेंदूपर्यंत जातही नाही. पण मिलिग्रॅम म्हणजे क्षुल्लक, हा समज मोडायला एवढं गणित पुरे.

उलट बाजूनंही मोजता येतं. जगात दरवर्षी सुमारे 5 लाख कोटी सिगारेटी ओढल्या जातात. प्रत्येकीतून 1 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला सगळ्या जगाच्या रक्तात उतरलेलं निकोटीन भरतं 5,000 टन. आपल्याकडचा एखादा मोठासा साखर कारखाना एका दिवसात तेवढा ऊस गाळतो. सगळ्या खंडांवरचे धूम्रपानी, त्यांच्यासाठी राबणारी शेती, कारखाने, जाहिराती, करांच्या भांडणाचे खटले, आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला पदार्थ एका दिवसाच्या गाळपाएवढा.

इतक्या थोड्या मालात एवढी हुकमत कशी? उत्तराचा मोठा भाग वेगात आहे. फुप्फुसांची आतली पृष्ठं उलगडून पसरली तर 70 चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. एवढ्या पसाऱ्यावरून निकोटीन रक्तात शिरतं, तिथून थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात आणि तिथून मेंदूत. झुरका घेतल्यापासून 10 ते 20 सेकंद. दंडाच्या शिरेत सुई टोचली तरी औषधाला आधी हृदय, मग फुप्फुसं, मग पुन्हा हृदय असा फेरा करावा लागतो. धुराचा तो फेरा वाचतो. आणि हे घडतं किती वेळा? एका सिगारेटीचे 10 झुरके धरले आणि दिवसाला 20 सिगारेटी, तर दिवसाचे 200 आणि वर्षाचे 73,000. वीस वर्षांत साडेचौदा लाखांवर. दर वेळी मेंदूला काही सेकंदांत बक्षीस. चहाचा घोट, जेवण संपणं, फोनची रिंग, बसथांब्यावरचं ताटकळणं, सगळ्याला त्या बक्षिसाची गाठ बसत जाते. सर्कशीतल्या प्राण्यालाही कुणी इतक्या वेळा शिकवत नसेल.

बक्षीस कुठं मिळतं, तेही पाहण्यासारखं आहे. 1905 मध्ये केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी निकोटीन आणि क्युरारे हे विष स्नायूंवर वापरून पाहिलं आणि तर्क केला, की पेशीवर असं काहीतरी असलं पाहिजे ज्यावर ही द्रव्यं येऊन बसतात. आज त्याला आपण रिसेप्टर म्हणतो, आणि त्यातल्या एका मोठ्या कुळाला नावच निकोटीनचं मिळालंय. खरं तर ते शरीराच्या स्वतःच्या ॲसिटिलकोलीन या रसायनासाठी आहेत. निकोटीन हा आगंतुक. 1970 च्या सुमारास पॅरिसमध्ये झाँ-पिएर शाँझ्यू यांनी हा रिसेप्टर वेगळा काढला. त्यासाठी त्यांनी वीज सोडणाऱ्या ईल माशाचा अवयव घेतला आणि रिसेप्टर पकडायला तैवानमध्ये सापडणाऱ्या मण्यारीच्या जातीचं विष. मण्यारीचं विष जिथं बसतं तिथं संदेश थांबतो, माणसाचा श्वास बंद पडतो. निकोटीन त्याच कुळाच्या दुसऱ्या सभासदांवर, मेंदूतल्या, बसतं आणि त्यांना चेतवतं.

किती रिसेप्टर? 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं काढली. एक-दोन झुरक्यांतच निकोटीनला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरांपैकी निम्मे व्यापले गेले. अख्खी सिगारेट ओढल्यावर 88 टक्क्यांहून अधिक. दिवसभराच्या उरलेल्या सिगारेटी भरलेल्या भांड्यात ओतल्यासारख्या. या सततच्या माऱ्याला मेंदू उत्तर देतो ते आणखी रिसेप्टर उगवून. सोडल्यावर त्यांची संख्या पूर्ववत व्हायला 6 ते 12 आठवडे लागतात.

रक्तातलं निकोटीन मात्र दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेत चार वेळा निम्मं, म्हणजे सकाळी उरतो सोळावा हिस्सा. रिसेप्टर वाढलेले, माल संपलेला. म्हणूनच स्वीडनच्या कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न असतो, की उठल्यावर किती वेळानं पहिली ओढता? 5 मिनिटांच्या आत असं उत्तर आलं तर पुरे गुण, अर्थात व्यसनाचे. आपल्याकडे या उत्तराला वेगळं रूप आहे: बार लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. त्यात तथ्य आहे, निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. पण शेजारचा तंबाखू न खाणारा माणूसही रोज सकाळी तेच काम उरकतो, हे सांगितलेलं कुणाला आवडत नाही.

हे सगळं तंबाखूच्या झाडानं माणसासाठी केलेलं नाही. निकोटीन मुळांत तयार होतं, पानांत चढतं, आणि सुकलेल्या पानात 1 ते 3 टक्के असतं. काम एकच, पान कुरतडणाऱ्याला मारणं. किड्यांच्या चेतासंस्थेतही तेच रिसेप्टर असतात. तंबाखूवरची एक अळी मात्र तगून राहते आणि वर त्याचा फायदा उठवते. 2014 मध्ये जर्मनीच्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की ही अळी खाल्लेल्या निकोटीनपैकी थोडं श्वासरंध्रांतून बाहेर सोडते आणि त्या वासानं लांडगा-कोळी तिला सोडून देतो. तोंडाच्या दुर्गंधीनं जीव वाचवणारा प्राणी निसर्गात सापडला तो असा. त्या चमूतले सागर पंडित पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. कपाशीच्या बियाण्याला चोळतात ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही किड्यांच्या याच रिसेप्टरांवर बसून काम करतं.

मग माणूस मरतो किती निकोटीननं? शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत आली, 60 मिलिग्रॅम. आकडा इतका छापला गेला की त्याचा उगम कुणी विचारलाच नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे बर्न्ड मायर यांनी विचारला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात माग निघाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका विषशास्त्राच्या पुस्तकापर्यंत, आणि त्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या काही हौशी स्वप्रयोगांपर्यंत, ज्यात थोडे मिलिग्रॅम निकोटीन घेऊन माणसं भयंकर आजारी पडली होती आणि वाचली होती. प्रत्यक्ष विषबाधेच्या घटना तपासून मायर यांनी काढलेला अंदाज 500 मिलिग्रॅमच्या वर जातो. म्हणजे आकडा आठपटींनी चुकला होता. यानं निकोटीन निरुपद्रवी ठरत नाही. लहान मुलानं एखादी सिगारेट चावली तरी उलट्या सुरू होतात, आणि तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना नुसत्या कातडीतून शोषलेल्या निकोटीननं चक्कर, मळमळ येते.

निकोटीननं केलेला एक खून तर रसायनशास्त्राच्या इतिहासात जाऊन बसलाय. 1850 मध्ये बेल्जियमच्या काउंट बोकार्मेनं मेव्हण्याच्या इस्टेटीसाठी तंबाखूपासून निकोटीन गाळलं आणि ते मेव्हण्याच्या घशात ओतलं. मग खुणा लपवायला व्हिनेगर. वनस्पतिज विष प्रेतातून वेगळं काढणं तोवर कुणाला जमलेलं नव्हतं. झाँ स्टास या रसायनशास्त्रज्ञानं ते जमवलं, आणि 1851 मध्ये बोकार्मेचं शिर उडवलं गेलं.

व्हिनेगर घालण्यात नकळत एक रसायनशास्त्र होतं. निकोटीन अल्कधर्मी आहे. आम्लात त्याचा क्षार बनतो, मग ना ते उडून वास देत, ना त्वचेतून आरपार जात. हेच उलटं केलं की काय होतं, ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही पारावर दिसतं. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखभर चुना, उजव्या अंगठ्यानं रगडणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं, आणि बार ओठात. आता या तळहातावरचे आकडे. तंबाखूचा सामू, म्हणजे पीएच, 6 असेल तर निकोटीनपैकी गालाच्या आतल्या अस्तरातून सहज पार होणाऱ्या मोकळ्या रूपातलं असतं फक्त 1 टक्का. सामू 7 झाला की 9 टक्के. 8 ला निम्मं. 9 ला 91 टक्के. चुन्याच्या निवळीचाच सामू 12 च्या पुढे असतो. मळलेला तंबाखू 9 सहज ओलांडतो. तेच पान, तेवढंच वजन, आणि अंगठ्याच्या रगडण्यानं उपलब्ध माल नव्वदपट. प्रयोगशाळा नसताना पिढ्यान् पिढ्या हे नेमकं प्रमाण माणसांनी शोधून काढलं, याचं मला भीतियुक्त कौतुक वाटतं.

ई-सिगारेटवाल्या एका अमेरिकी कंपनीनं बरोबर उलटी चाल केली. ज्यूलच्या द्रवात बेन्झोइक आम्ल घालून सामू खाली आणला, म्हणजे वाफ घशाला झोंबत नाही आणि फुप्फुसांत खोल ओढता येते. दर मिलिलिटरला 59 मिलिग्रॅम निकोटीन. फुप्फुसांच्या पसाऱ्यापुढे आम्लाचा अडथळा टिकत नाही, गालात तो टिकतो. वाट बदलली की युक्ती बदलते. भारतानं 2019 मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली.

महाराष्ट्राची वाट मात्र गालाचीच. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे होते 3.8 टक्के. ओढणाऱ्या एकामागे खाणारे-लावणारे सहा. गुटख्यावर 2012 पासून बंदी, तरी तळहात आणि चुना आहेच, विदर्भात खर्रा आहे, आणि घराघरांत मिश्री. तव्यावर भाजून पूड केलेली ही तंबाखू दातांना लावायची, म्हणून ती व्यसनात मोजलीच जात नाही. लावणाऱ्या बहुतेक बायका. मुंबईत 1,217 गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू लावणाऱ्या, त्यातल्या बहुतेक मिश्रीवाल्या, बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं. जगभरातलं निकोटीनचं संशोधन सिगारेटभोवती फिरतं. आपला प्रश्न मिश्रीच्या डबीत आहे.

गालातून निकोटीन हळू चढतं, अर्ध्या तासानं शिखर गाठतं. पण बार तासभर मुक्काम करतो, त्यामुळे एकूण शोषण सिगारेटीच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतं. सोबत येतात नायट्रोसामाइन्स, म्हणजे पान सुकताना आणि मुरताना निकोटीन व त्याच्या भावंडांपासूनच तयार होणारी कर्करोगकारक द्रव्यं. 2022 मध्ये ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जगात सुमारे 3 लाख 89 हजार नवे रुग्ण होते, त्यातले 1 लाख 43 हजार एकट्या भारतातले.

इथं एक घोळ निस्तरायला हवा. तंबाखू दरवर्षी जगात 70 लाखांहून अधिक आणि भारतात साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं मारतो, पण त्यातली निकोटीननं थेट मारलेली फार थोडी. धुरात 7,000 च्या वर रसायनं, त्यातली 70 च्या आसपास कर्करोगकारक. निकोटीन त्या यादीत नाही. ते हृदयाचे ठोके मिनिटाला 10 ते 15 नं वाढवतं, रक्तदाब चढवतं, गर्भाच्या आणि पौगंडावस्थेतल्या मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करतं. ब्रिटनचे मायकल रसेल यांनी 1976 मध्येच मांडलं होतं, की माणसं ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबरानं. निकोटीनचं काम गिऱ्हाईक परत आणण्याचं. 1951 पासून पन्नास वर्षं 34,439 ब्रिटिश डॉक्टरांवर ठेवलेल्या नजरेतून निघालं, की आयुष्यभर ओढणारे सरासरी 10 वर्षं आधी गेले, आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी दहा परत मिळाली. भारतात 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांची 6 वर्षं गेली, बायकांची 8. दिवसाला सातच्या आत बिड्या ओढणाऱ्यांचाही मृत्युदर पाव पटीनं वाढलेला होता. ‘मी दोन-चारच ओढतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा सवडीनं वाचावा.

परत आणण्याच्या कामात निकोटीन किती वाकबगार? अमेरिकेतल्या 2011 च्या विश्लेषणानुसार, एकदा वापरायला लागलेल्यांपैकी आयुष्यात कधीतरी व्यसनी होण्याची शक्यता कोकेनमध्ये 21 टक्के, दारूत 23, निकोटीनमध्ये 68. तरी 14 एप्रिल 1994 रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सात तंबाखू कंपन्यांचे सात प्रमुख शपथेवर एकामागून एक म्हणाले, की निकोटीन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. सातात एकही वेगळा सूर नाही.

आणि तरीही हे औषध असू शकतं का, हा प्रश्न डॉक्टरांनी सोडलेला नाही. मोठ्या आतड्याला व्रण होतात त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण धूम्रपान करणाऱ्यांत कमी दिसतात, आणि सोडणाऱ्यांत तो उफाळतो. 1994 मध्ये ब्रिटनमध्ये 72 रुग्णांवर प्रयोग झाला: निकोटीनची पट्टी लावलेल्या 35 पैकी 17 जणांचा आजार पुरता शमला, खोटी पट्टी लावलेल्या 37 पैकी 9 जणांचा. फरक खरा, पण शमलेला आजार पट्टीनं शमलेलाच राहतो असं पुढच्या चाचणीत दिसलं नाही. कंपवाताचं तर आणखी विचित्र. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी, हे अनेक दशकं दिसत आलंय. मग जर्मनी आणि अमेरिकेत दीडशेहून अधिक नव्या रुग्णांना वर्षभर पट्ट्या लावून पाहिलं. 2023 मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट निकोटीनवाल्यांची घसरण किंचित जास्त. कोविडच्या पहिल्या लाटेत शाँझ्यू यांच्यासकट काही फ्रेंच संशोधकांनी निकोटीन विषाणूला अडवत असेल असा तर्क मांडला, तेव्हा पट्ट्यांवर झुंबड उडेल म्हणून फ्रान्स सरकारनं विक्रीवर मर्यादा घातली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर पुढे झालेल्या चाचणीत मृत्यूंच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. आशा टिकून आहे ती विसराळूपणाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर: 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धूम्रपान न करणाऱ्या 74 वृद्धांपैकी काहींना सहा महिने दिवसाला 15 मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन दिलं, त्यांचं लक्ष सुधारलं. 74 हा आकडा मात्र लहान आहे, आणि त्यावरून औषध ठरत नाही.

निकोटीनचं सिद्ध झालेलं वैद्यकीय काम एकच, निकोटीन सोडवणं. पट्टी 24 तासांत 21 मिलिग्रॅम देते, म्हणजे वीसेक सिगारेटींएवढं, पण चढ इतका संथ की पट्टीची तलफ लागलेला माणूस सहसा सापडत नाही. च्युइंगमची कल्पना स्वीडनमध्ये 1960 च्या दशकात निघाली, पाणबुडीत धूम्रपान करता न येणाऱ्या नौसैनिकांवरून, आणि ओव्हे फर्ने यांनी ती औषधात उतरवली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये पट्टी आणि च्युइंगम दोन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. 60 हजारांहून अधिक माणसांवरच्या चाचण्यांची बेरीज सांगते, की यानं सुटण्याची शक्यता 50 ते 60 टक्क्यांनी वाढते. ऐकायला भारी, पण नुसत्या निश्चयानं वर्षभर सुटलेले राहतात 100 तले 3 ते 5. त्यांचे होतात 5 ते 8. सोबत समुपदेशन असेल तर त्याहून बरे. कॅनडातल्या एका अभ्यासात कायमचं सुटेपर्यंत सरासरी 30 किंवा त्याहून जास्त प्रयत्न निघाले, तेव्हा चौथ्यांदा हरलेल्यानं स्वतःला नालायक ठरवण्याचं काही कारण नाही.

औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचं च्युइंगम मिळतं, आणि बहुतेक जण ते चुकीचं चघळतात. बडीशेपेसारखं कचाकचा चावलं की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, यकृत त्याची वाट लावतं. दोन-चारदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा. त्यात कार्बोनेट घातलेलं असतं, तोंडाचा सामू वर न्यायला, चुन्याचंच काम. म्हणून वापरायच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोला, लिंबू सरबत नको. तोंड आंबट झालं की 2 मिलिग्रॅम असून नसल्यासारखे.